'हलाल' : मोकळे केलेले अन्न

इंग्रजी कोशांत 'हलाल' शब्दाचा अर्थ बहुधा मांसापुरता आखडलेला दिसतो : इस्लामी विधीने कापलेले, खाण्यास योग्य. अरबीत तो इतका अरुंद नाही. मूळ धातूचा अर्थ गाठ सोडणे; जे सोडलेले, ते हलाल. कमाई, विवाह, व्यवहार या सर्वांनाच तो लागतो. बांधणे व सोडणे म्हणजे मना करणे व मुभा देणे, ही यहूदी शास्त्र्यांचीही भाषा होती, आणि मत्तय 16:19 उलगडताना आमच्या धर्मशिक्षकांनी ती ध्यानी ठेवावी.

इंग्रजांना हा शब्द भारतात भेटला तो प्रथम मांसाच्या संदर्भात नव्हे, तर माणसाच्या नावात. सुरतेच्या वखारीत पाद्री असलेल्या ओव्हिंग्टनने 1696 साली छापलेल्या प्रवासवृत्तात तेथील 'हलालखोरां'चा, म्हणजे झाडूवाल्यांचा, उल्लेख केला आहे. हे नाव अकबराने रूढ केले, असे 'आईन-इ-अकबरी' सांगते. शब्दशः अर्थ 'विहित अन्न खाणारा'. परंतु यूल व बर्नेल यांचा 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश त्यातील खोच उघड करतो : ज्याला सगळेच खाणे चालते, तो. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात तर मैला वाहून नेण्याच्या पट्टीचेच नाव 'हलालखोर कर' होते. नाव सभ्य झाले, डोक्यावरची पाटी तशीच राहिली. सर्व अन्न शुद्ध आहे असे मार्क 7:19 वरून शिकवणाऱ्या आम्हांस हा टोमणा आपल्यालाही लागू पडतो, हे सहसा सुचत नाही.

हैदराबादेसारख्या नगरांत ईदचे आमंत्रण आले की काही भाविक विचारतात, हे मांस मूर्तीच्या नैवेद्यासारखे नव्हे काय? आमच्या मते नव्हे. करिंथात प्रश्न मूर्तींचा होता. येथे कापताना एकाच देवाचे नाव घेतात, आणि अरबी ख्रिस्ती लोकही देवाला 'अल्लाह'च म्हणतात. रक्त वर्ज्य करण्यात तर प्रेषितांच्या यरुशलेमेतील निर्णयाशी (प्रे. कृ. 15:29) त्या विधीचे साम्यच आहे. उलट कुराण (5:5) ग्रंथधारकांचे अन्न मुसलमानांस विहित ठरवते व त्यांचे अन्न ग्रंथधारकांस. तरीही कोणाचे मन कचरत असेल, तर धर्मशिक्षकाने त्याला पंगतीस ओढू नये. आणि त्याने यजमानाच्या ताटाला नावे ठेवू नयेत.