टस्कीगीचे रुग्ण



वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली निघाले आणि तेव्हापासून अमेरिकेतील टस्कीगी हे गाव मराठी घरांत ओळखीचे झाले. गुलामीत जन्मलेला एक पोरका मुलगा शिकून शास्त्रज्ञ होतो, १८९६ साली अलाबामा राज्यातील त्या गावी कृष्णवर्णीयांच्या विद्यालयात येतो, आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहून गरीब शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतो. ही कथा मी वर्गात कितीदा तरी वाचून दाखविली असेल. त्याच गावाच्या परिसरात, कार्व्हर हयात असतानाच, एक निराळे प्रकरण सुरू झाले होते. ते मला पुष्कळ उशिरा समजले. आज तेच आपणांस सांगावयाचे आहे.

१९३२ साली अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने तेथील मेकन परगण्यातील सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष निवडले. हे लोक बहुतांशी दुसऱ्याच्या जमिनी वाट्याने कसणारे. डॉक्टरची पायरी त्यांपैकी कित्येकांनी कधी चढलेली नव्हती. निवडलेल्यांपैकी ३९९ जणांना उपदंशाचा विकार होता व २०१ जणांना नव्हता. उपचार न केल्यास हा रोग माणसाच्या शरीरात कोणकोणती पावले टाकतो, हे मरेपर्यंत पाहत राहावयाचे, असा त्या डॉक्टरांचा हेतू होता. तो हेतू रुग्णांना सांगितला गेला नाही. रोगाचे नावही सांगितले नाही. ‘तुमचे रक्त बिघडले आहे’, एवढेच सांगण्यात आले. आणि त्या भागातल्या बोलण्यात ‘बिघडलेले रक्त’ या शब्दांत अशक्तपणापासून थकव्यापर्यंत वाटेल ते दुखणे बसत असे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॉक्टरांनी या लोकांना रोग टोचला, असे पुष्कळ जण समजतात; ते खरे नव्हे. रोग त्यांना आधीच होता. डॉक्टरांनी केले ते हे, की उपाय हाती असता तो दिला नाही, आणि वर उपचार चालू आहेत असे भासविले. कण्यात सुई घालून पाणी काढणे ही निव्वळ तपासणी, आणि तीही वेदना देणारी. परंतु रुग्णांना पाठविलेल्या पत्रात तिचे वर्णन ‘खास मोफत उपचार’ असे होते, व ही शेवटची संधी आहे अशी पुस्तीही जोडलेली होती. येण्याजाण्यास मोटार, तपासणीच्या दिवशी जेवण, आणि मृत्यूनंतर दफनाचा खर्च, हा मोबदला. दफनाच्या खर्चासाठी मात्र शवविच्छेदनाला संमती द्यावी लागे. युनिस रिव्हर्स नावाच्या कृष्णवर्णीय परिचारिकेवर या लोकांचा लोभ होता. तिच्या शब्दावर ते वर्षानुवर्षे येत राहिले. या बाईंना दोष किती द्यावा, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

१९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे उपदंशावरचे रूढ औषध ठरले. ते या लोकांना दिले नाहीच. त्यापूर्वी महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीच्या निमित्ताने त्यांच्यावर उपचार होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना वगळावे म्हणून भरतीमंडळाकडे नावांची यादी धाडण्यात आली. आणि हे सारे गुप्तपणे चालले होते म्हणावे, तर तसेही नाही. १९३६ पासून या अभ्यासाचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. शेकडो सुशिक्षित डॉक्टरांच्या नजरेखालून ते गेले असतील. खात्यातील पीटर बक्स्टन या तरुण नोकराने १९६६ पासून हरकत घेतली. १९६९ साली तज्ज्ञांची समिती बसली व तिने अभ्यास चालू ठेवण्याचाच कौल दिला. शेवटी २५ जुलै १९७२ रोजी जीन हेलर या बातमीदार बाईंचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि चाळीस वर्षे चाललेले हे प्रकरण त्याच वर्षी बंद पडले. १६ मे १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली, तेव्हा त्या सहाशेंपैकी आठ जण हयात होते.

परंतु क्षमा मागितल्याने हिशेब पुरा होत नाही. मार्सेला अल्सान व मेरिॲन वानामेकर या विदुषींनी २०१८ साली दाखविले, की ही बातमी फुटल्यानंतर उतारवयाचे कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरकडे जाईनासे झाले, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना उरणारे आयुष्य दीड वर्षापर्यंत घटले. म्हणजे टस्कीगीला कधी न गेलेली माणसेही टस्कीगीमुळे लवकर मेली.

तथापि सारा दोष एका टस्कीगीवर ढकलणे सोपे आहे, आणि मला ते पटत नाही. अविश्वास रोजच्या भेटीतही पोसला जातो. २००४ साली बाल्टिमोर व वॉशिंग्टनच्या परिसरात डॉक्टर-रुग्णांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली गेली. गोऱ्या रुग्णांशी तुलना करता कृष्णवर्णीय रुग्णांपुढे डॉक्टरांचा बोलण्यातील वरचष्मा शेकडा २३ ने अधिक, आणि रुग्णाच्या मनातले जाणून घेणारे बोलणे शेकडा ३३ ने कमी आढळले. आम्हा शिक्षकांना ही तऱ्हा परिचित आहे. ज्या तासाला मास्तरच एकसारखे बोलतात, त्या तासाला ‘समजले का?’ म्हणताच सगळी पोरे माना डोलावतात, आणि पेपर तपासताना खरे काय ते कळते. रक्तदाबाची गोळी रोज का घ्यावयाची, बरे वाटत असताही का सोडावयाची नाही, हे ज्याला कोणी नीट सांगितले नाही, त्याने ती सोडली तर त्याला हट्टी म्हणता येईल काय? माझी स्वतःची गोळी मी एकदा महिनाभर सोडली होती. डॉक्टरांनी कारण विचारले नाही, रागावले मात्र पुष्कळ. पुढच्या खेपेस मी खोटेच सांगितले.

लॉस एंजेलिस शहरात रोनाल्ड व्हिक्टर या डॉक्टरांनी निराळी वाट धरली. कृष्णवर्णीय पुरुषांच्या नेहमीच्या ५२ केशकर्तनालयांतून रक्तदाब वाढलेले ३१९ जण त्यांनी घेतले. निम्म्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला पथ्य पाळा, डॉक्टरकडे जा, एवढेच सांगावयाचे; उरलेल्या दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन बसे, रक्तदाब मोजी, आणि रुग्णाच्या डॉक्टरांच्या संमतीने औषधे लिहून देई. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत पहिल्या दुकानांतील माणसांचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता; ज्या दुकानांत फार्मासिस्ट येत असे, तेथील माणसांचा २७ अंकांनी. वर्ष उलटल्यावर पुन्हा मोजले, तेव्हाही तो उतार टिकून होता.