हिंदी महासागर मोहीम, आंतरराष्ट्रीय

हिंदी महासागराचे पाणी, प्रवाह, तळ, वातावरण व जीवसृष्टी यांच्या अभ्यासासाठी अनेक राष्ट्रांनी १९५९ ते १९६५ या काळात मिळून पार पाडलेले समन्वेषण. सु. ४० संशोधन-जहाजांनी त्यात भाग घेतला. मोहिमेची फलिते सर्वत्र विस्ताराने सांगितली जातात. जहाजे कोठे, केव्हा आणि किती वेळा न्यावयाची, हा आखणीतील मूळ प्रश्न मात्र बहुधा दोन ओळींत उरकला जातो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राविषयी मोहिमेतून काय हाती लागले व काय निसटले, हे मुख्यतः त्या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरले.

सेमूर स्यूअल यांच्या नेतृत्वाखाली १९३३–३४ मध्ये ‘माबाहिस’ या ईजिप्शियन जहाजावरून झालेल्या जॉन मरी मोहिमेने अरबी समुद्राच्या मधल्या थरांत ऑक्सिजन अत्यल्प असल्याचे दाखविले होते. तथापि एकट्या जहाजाच्या एका फेरीवरून ऋतुचक्र उलगडणे शक्य नव्हते. १९५७ मध्ये महासागर संशोधनविषयक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीची पहिली बैठक वुड्स होल (अमेरिका) येथे भरली. मोठ्या महासागरांपैकी सर्वांत कमी माहिती असलेला म्हणून हिंदी महासागर तेव्हा पुढे आला. त्याच्या उत्तर भागातील प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा दिशा पालटतात. वारा पाण्याला कसा हलवितो, हे पाहण्यास निसर्गाने जणू तयार प्रयोगच मांडून ठेवला होता. शिवाय भोवतालच्या दाट वस्तीच्या देशांना मासळीचे नवे साठे हवे होते.

मतभेद उत्पन्न झाला तो पद्धतीविषयी. त्या काळी प्रत्येक निरीक्षण-स्थानकावर जहाज थांबवून तारेला बांधलेल्या नॅन्सेन बाटल्या व उलटे होणारे तापमापक खाली सोडावे लागत. खोल समुद्रात यास काही तास जात. स्थानके ६० सागरी मैलांवर, जहाजाचा वेग १० नॉट आणि प्रत्येक स्थानकावर चार तास धरले, तर १,००० मैलांच्या एकाच रेषेस सात दिवस लागतात. म्हणजे संपूर्ण महासागरावर विरळ जाळे टाकावयाचे, की थोड्या जागी पुनःपुन्हा जावयाचे, यांतून निवड करणे भाग होते. हेन्री स्टॉमेल या अमेरिकन महासागरवैज्ञानिकांनी ‘इंडियन ओशन बबल’ ही छोटी पत्रिका काढून आराखड्यावरील टीकेस वाट करून दिली. पालटणाऱ्या प्रवाहांचा प्रदेश विरळ जाळ्यात सापडणे कठीण, ही शंका रास्तच होती.

प्रत्यक्षात प्रत्येक राष्ट्राने आपल्या जहाजाचा मार्ग बव्हंशी स्वतःच ठरविला. समन्वयाचे काम प्रारंभी रॉबर्ट स्नायडर यांच्याकडे होते. पुढे ते युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरवैज्ञानिक आयोगाने हाती घेतले. अमेरिकेचे ‘अँटन ब्रून’ हे जहाज (पूर्वीची ‘विल्यम्सबर्ग’ ही राष्ट्राध्यक्षांची नौका) १९६३–६४ मध्ये जैव अभ्यासासाठी हिंडले. खरी एकवाक्यता झाली ती एका जाळ्याबाबत. प्राणिप्लवकांसाठी एक चौ. मी. तोंडाचे प्रमाणित जाळे २०० मी. खोलीपासून पृष्ठभागापर्यंत सरळ वर ओढावयाचे ठरले, त्यामुळे निरनिराळ्या जहाजांचे नमुने परस्परांशी ताडून पाहता आले. ते निवडण्यासाठी कोची येथे हिंदी महासागर जीववैज्ञानिक केंद्र स्थापन झाले. एवढे साधे जाळे मोहिमेच्या सर्वांत टिकाऊ निर्णयांपैकी एक ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतीय कार्यक्रमाची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. नौदलाची ‘किस्तना’ ही फ्रिगेट व केरळमधील ‘वरुणा’ इ. जहाजे वापरण्यात आली. येथे अडचण ऋतूचीच होती. नैर्ऋत्य मोसमी काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो व खालचे थंड, पोषकद्रव्ययुक्त, पण ऑक्सिजनहीन पाणी सागरमग्न खंडभूमीवर चढते. पोषकद्रव्यांमुळे वनस्पतिप्लवक वाढतात व त्यांवर तारली, बांगडा यांसारख्या माशांचे पोषण होते. उलट तळाजवळचे मासे श्वासाअभावी दूर जातात. केरळ किनाऱ्यावर कार्ल बान्से यांनी मोहिमेच्या प्रारंभीच तळजाळ्यांच्या मासेमारीशी याचा संबंध दाखविला होता. परंतु नेमक्या याच महिन्यांत समुद्र खवळलेला असतो. लहान जहाजे बंदरात राहतात. मच्छीमारही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात ते उगाच नव्हे.

क्लाउस व्हिर्टकी यांनी संकलित केलेला मोहिमेचा ॲटलास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पृष्ठजलाचे नकाशे दोन-दोन महिन्यांचे असून निरनिराळ्या वर्षांच्या नोंदी त्यांत एकत्र आल्या आहेत. ऋतुचक्र दिसते, पण एका वर्षाहून दुसरे वर्ष वेगळे कसे, हे त्यांवरून कळत नाही. मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उदयास आली व पुढे गोव्यात स्थिरावली. तिला १९७६ मध्ये ‘गवेषणी’ हे जहाज मिळाले. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर सु. २५ मी. खोलीवर एकाच ठिकाणी वारंवार निरीक्षणे घेण्यास संस्थेने १९९७ मध्ये सुरुवात केली. पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरल्याने खालच्या पाण्यास हवा मिळत नाही आणि मोसमाच्या अखेरीस तळाशी हायड्रोजन सल्फाइड साचतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या पट्ट्याचे क्षेत्र सु. १,८०,००० चौ. किमी. असल्याचे प्रसिद्ध केले. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेस डिसेंबर २०१५ मध्ये गोव्याहूनच ‘सागर निधी’ या जहाजाच्या सफरीने प्रारंभ झाला.