रंगांतला इतिहास

विमानांच्या आणि रणगाड्यांच्या प्लॅस्टिकच्या लहान प्रतिकृती जुळवून रंगविण्याचा छंद हा एक खर्चिक पोरखेळ आहे, असें मत आम्ही आजवर बाळगून होतों. आमच्या भाच्याच्या खोलींत अशा पंधरावीस विमानांची रांग आहे. परीक्षेच्या दिवसांतही तो चिमट्यानें एवढींशीं चाकें चिकटवीत बसलेला दिसे आणि आम्ही वडीलकीच्या अधिकारानें चार शब्द सुनावीत असूं. हें मत आम्हांस सोडावें लागलें तें जव्हार-मोखाड्याच्या एका फेरींत. ती हकीकत सांगतां सांगतां या छंदाचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जव्हार हें आज पालघर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे; तो जिल्हा २०१४ सालीं ठाण्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें येथें मुकणे घराण्याचें राज्य होतें. १३४३ सालीं दिल्लीच्या सुलतानानें नेमशहास बावीस किल्ल्यांचा राजा म्हणून मान्यता दिली, असें या घराण्याचा इतिहास सांगतो. १६६४ सालीं सुरतेवर जातांना शिवाजीमहाराज येथूनच गेले आणि जव्हारच्या राजाची व त्यांची भेट शिरपामाळावर झाली, ही आठवण येथील लोक अभिमानानें जपतात. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. जन्म १९१७ चा. वयाच्या दहाव्या वर्षीं गादी मिळालेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ते हवाई दलांत फ्लाइट लेफ्टनंट होते. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें हेच राजे लोकसभेचे सभासद झाले.

ही माहिती आम्ही जयविलास राजवाड्यासमोर उभे राहून भाच्यास सांगत होतों. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "मामा, त्या वेळीं आपल्या विमानांवर खूण कोणती असे हो?"

आम्ही निरुत्तर झालों. तीस वर्षें आम्हीं महाविद्यालयांत इतिहास शिकविला आहे. बक्सारची लढाई कोणत्या सालीं झाली हें कोणीं झोपेंतून उठवून विचारलें तरी आम्ही सांगूं. पण ज्या युद्धांत आपले लाखों लोक लढले, त्या युद्धांत आपल्या विमानाच्या पंखावर कोणतें चिन्ह रंगविलेलें होतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. वास्तविक ज्याला तें विमान रंगवावयाचें आहे, त्याला हा प्रश्न टाळतां येत नाहीं. आम्हां पुस्तकी मंडळींना मात्र तो सहज टाळतां येतो!

या छंदाचा पाया म्हणजे प्रमाण. आपल्याकडे दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करतात, तीहि एक लष्करी प्रतिकृतिच. पण तेथें मावळा बुरुजापेक्षां उंच असला आणि गवळण दरवाजांत मावत नसली तरी कोणास खटकत नाहीं. त्या किल्ल्यांत भक्ति असते, मोजमाप नसतें. विमानाच्या प्रतिकृतींत तसें चालत नाहीं. तेथें सर्वांत रूढ असलेलें प्रमाण बहात्तरास एक असें आहे. म्हणजे सहा फूट एका इंचांत बसवावयाचे: सहा फुटी वैमानिक एक इंचाचा, आणि चाळीस फूट पंखविस्ताराचें हरिकेन विमान पावणेसात इंचांहून किंचित कमी. पेटींतून सुटे भाग निघतात ते प्लॅस्टिकच्या चौकटीस जोडलेले असतात. ते कापावयाचे, कानशीनें व पॉलिश कागदानें घासावयाचे, चिकटवावयाचे, फटी लांबीनें भरावयाच्या, मग रंगाचे पातळ हात द्यावयाचे आणि शेवटीं पाण्यांत भिजवून सुटणारीं चिन्हांचीं चित्रें पंखांवर सरकवून बसवावयाचीं. घाई केली कीं काम बिघडतें. एका विमानास कित्येक आठवडे सहज लागतात.

हा प्रकार फार जुना नाहीं. इंग्लंडांत १९३२ च्या सुमारास स्कायबर्ड्स नांवाचे लांकडी संच निघाले. बहात्तरास एक हें प्रमाण रूढ झालें तें त्यांच्यापासून. १९३६ सालीं फ्रॉग या नांवाखालीं त्याच प्रमाणाचे प्लॅस्टिकचे पहिले संच विक्रीस आले. त्या कारखान्याचीं आधींचीं विमानें हवेंत उडणारीं असत; हीं नवीं न उडणारीं म्हणून त्यांस पेंग्विन असें विनोदी नांव दिलें गेलें, कारण तो पक्षी पंख असून उडत नाहीं.

तेवढ्यांत युद्ध आलें आणि खेळणें कामाची वस्तु झाली. आकाशांत दिसणारा ठिपका आपल्या विमानाचा कीं शत्रूच्या, हें ओळखण्यास तोफखान्यावरील शिपायास क्षणभराचाच अवधि मिळे. त्याची चूक दोन्हीं बाजूंनीं प्राणघातक होती: शत्रु निसटे, किंवा आपलाच माणूस आपल्या तोफेनें पडे. म्हणून निरनिराळ्या कोनांतून आकृति ओळखण्याचें शिक्षण लहान प्रतिकृतींच्या साहाय्यानें देऊं लागले. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळकरी मुलांकडे पांच लक्ष लांकडी विमानांची मागणी केली: पन्नास जाती, प्रत्येकीचे दहा हजार नमुने, प्रमाण तेंच बहात्तरास एक. हीं सर्व विमानें काळ्या रंगाचीं असावयाचीं, कारण दूरच्या आकाशांत रंग दिसत नाहीं, आकृतीच तेवढी दिसते. शाळेच्या सुतारशाळेंत बसलेला मुलगा अशा रीतीनें युद्धांत सामील झाला.

युद्धानंतर सांच्यांत वितळतें प्लॅस्टिक दाबून भरण्याची पद्धति स्वस्त झाली आणि १९५० नंतरच्या दहा वर्षांत हे संच इंग्लंड-अमेरिकेंतील घरोघरीं पोंचले. रणगाड्यांचें पस्तिसास एक हें प्रमाण जपानांतून आलें. तामिया या कारखान्यानें १९६० नंतर लवकरच जर्मन पँथर रणगाडा काढला. त्यांत विजेऱ्या व मोटर बसली पाहिजेत म्हणून पोट जेवढें ठेवावें लागलें, त्यावरून हें प्रमाण ठरलें. आज तेंच जगभर चालतें. शास्त्रशुद्ध वाटणाऱ्या रूढीमागें कित्येक वेळां अशी घरगुती अडचण असते, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचें उत्तर आम्हीं घरीं आल्यावर शोधलें, आणि तें एका शब्दांत देतां येत नाहीं असें आढळलें. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं झाली. पुढल्या वर्षीं कराचीस वापिती जातीच्या विमानांवर त्याची पहिली तुकडी उभी राहिली. त्या विमानांवर इंग्रजी हवाई दलाचेंच चिन्ह असे: बाहेर निळें वर्तुळ, मध्यें पांढरें, आणि मधोमध तांबडा ठिपका. मग जपान युद्धांत उतरलें. जपानी विमानांवर तांबड्या सूर्यबिंबाची खूण. त्यामुळें आपल्या विमानाचा तांबडा ठिपका दुरून शत्रूचा वाटण्याचें भय उत्पन्न झालें. तेव्हां ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांवरून तांबडा रंग साफ काढण्यांत आला आणि गडद निळा व फिकट निळा अशा दोनच रंगांचें चिन्ह आलें. १९४४ सालीं इंफाळच्या वेढ्यांत अर्जनसिंगांच्या हाताखालीं पहिल्या तुकडीचीं हरिकेन विमानें लढलीं, तीं या काळांतलीं. मुंबईस जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर याच युद्धांत वैमानिक म्हणून घडले. पुढें १९४७-४८ च्या काश्मीर युद्धांतील कामगिरीबद्दल त्यांस महावीरचक्र मिळालें आणि १९७६ सालीं ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

१९४५ च्या मार्चांत या दलाच्या नांवामागें 'रॉयल' हें विशेषण लागलें. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी वर्तुळ गेलें व कांहीं काळ अशोकचक्र पंखांवर झळकलें. १९५० सालीं प्रजासत्ताकाबरोबर 'रॉयल' शब्द गळाला आणि केशरी, पांढरा व हिरवा यांचें आजचें वर्तुळ आलें. अठरा वर्षांत एवढीं स्थित्यंतरें! म्हणून जो विमान रंगवावयास बसतो, त्यानें आधीं साल ठरविलें पाहिजे. साल ठरलें कीं आघाडी कोणती, शत्रु कोण, राज्य कोणाचें, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. आमच्या विद्यार्थ्यांस हे प्रश्न पडावेत म्हणून आम्ही व्याख्यानांवर व्याख्यानें देतों. येथें ते एका रंगाच्या ठिपक्यांतून पडतात.

परंतु येथेंच एक खंतहि आहे. पेटींत जीं चिन्हें मिळतात तीं बहुधा इंग्रजी, अमेरिकन किंवा जर्मन तुकड्यांचीं. आमच्या घरांतील मुलगा १९४० सालीं लंडनच्या आकाशांत लढलेलें विमान बिनचूक रंगवितो. इंफाळावर लढलेलें त्याच जातीचें विमान रंगविण्याचें त्याला सुचत नाहीं, कारण तें कोणीं त्याला सांगितलेलेंच नसतें. युद्ध संपलें तेव्हां आपल्या दलाच्या नऊ तुकड्या होत्या, हें सुशिक्षित घरांतहि किती जणांस माहीत आहे? मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरावरून नाशिकास जावें, तर पलीकडे ओझर लागतें. १९६४ सालीं तेथें मिग विमानांसाठीं कारखाना उभा राहिला. त्या जातीच्या मिग-२१ नें साठांहून अधिक वर्षें सेवा करून २०२५ च्या सप्टेंबरांत निरोप घेतला. अहिल्यानगरास रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ पासून उघडें आहे. आपला इतिहास असा दारांत उभा असतां आपण तो पेटीवरील परक्या चित्रांतून शिकावा, हें बरें नव्हे. दोष मुलांचा नाहीं. सांगावयाचें आम्हीं, आणि आम्हीं तें सांगितलें नाहीं.

यावर कोणी सुज्ञ वाचक विचारील, कीं माणसें मारण्याचीं हीं साधनें घरांत हौसेनें मांडून ठेवावीं काय? हा प्रश्न आमच्याहि मनांत होता. त्याचें उत्तर आम्हांस पुस्तकांत मिळालें नाहीं. तें मोखाड्याच्या बाजूच्या एका अंगणांत मिळालें.

या मुलखांत बोहाडा नांवाचा उत्सव होतो. रात्रीं संबळाच्या ठेक्यावर देवदेवतांचीं आणि दैत्यांचीं सोंगें मुखवटे घालून नाचत येतात, आणि शेवटीं जगदंबा महिषासुराचा वध करते. मुखवटे पूर्वीं लांकडाचे करीत, आतां कागदाच्या लगद्याचेहि करतात. आम्ही गेलों तेव्हां एक वृद्ध कारागीर वाळलेल्या मुखवट्यांस रंग देत बसला होता. आमचा भाचा त्याच्यापाशीं जाऊन बसला तो तासभर उठेना. दोघांचें काम एकच आहे हें प्रथम आमच्या ध्यानांत आलें नाहीं. लगदा काय आणि प्लॅस्टिक काय, आकार दिल्यावर तो घासून गुळगुळीत करावा लागतो. पहिला हात वाळल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं. आणि रंग चुकला तर ओळख चुकते. मारुतीचा रंग मारुतीचाच पाहिजे. फरक इतकाच, कीं कारागीर आपल्या रंगाचा आधार वाडवडिलांच्या परंपरेंतून घेतो आणि आमचा भाचा जुन्या छायाचित्रांतून.

म्हाताऱ्याच्या पुढ्यांत एका बाजूस गणपति होता आणि दुसऱ्या बाजूस रावण. रावणाच्या भिवया तो ज्या निगुतीनें रेखीत होता, तीत गणपतीच्या सोंडेपेक्षां तिळमात्र उणें नव्हतें. भाच्यानें त्याला विचारलें, कीं राक्षसासाठीं एवढे कष्ट कशाला? त्यावर तो हंसला आणि म्हणाला, कीं राक्षस नीट झाला नाहीं तर देवी मारील कोणाला?

आम्हांस वाटतें, आमच्या शंकेचें समाधान या उत्तरांत आहे. एखादी वस्तु नीट घडविणें म्हणजे तिची पूजा करणें नव्हे. जी गोष्ट भयंकर होती ती जशी होती तशी दाखविण्यासहि कष्ट पडतात, आणि ते कष्ट न घेणारा तिचा धिक्कारहि पोकळच करतो. मात्र ज्याच्या कपाटांत नुसत्या सुंदर विमानांची रांग आहे आणि त्यांतील एकाचीहि कथा त्याला सांगतां येत नाहीं, त्याच्याविषयीं आमचें पूर्वीचें मत आम्ही अद्याप कायम ठेवतों.

घरीं परतल्यावर भाच्यानें आपल्या रांगेंतून हरिकेन काढलें. त्याच्या पंखांवर पेटींतलें इंग्रजी वर्तुळ होतें. त्यानें तें पाण्यानें भिजवून, बोथट चाकूनें जपून खरवडून काढलें आणि आम्हांस टेबलापाशीं बोलावून विचारलें, "मामा, इंफाळचें साल चव्वेचाळीसच ना?" आम्हीं पुस्तक उघडून खात्री करून दिली. मग त्यानें फिकट निळा रंग कालविला, आणि त्या संध्याकाळीं अभ्यासाविषयीं आम्हीं त्यास एक शब्दहि बोललों नाहीं.