तोडीतून उरलेले झाड

झाडाचे मोल वखारवाला घनफुटांवरून ठरवितो. एमिली कार या कॅनडातील चित्रकर्तीने ते निराळ्या मापाने मोजले. पण ते माप हाती येईपर्यंत तिने साठी गाठली होती.

१८७१ साली व्हँकुव्हर बेटावरील व्हिक्टोरिया येथे ती जन्मली. सॅन फ्रान्सिस्को, लंडन व पॅरिस येथे शिकून परतल्यावर १९१२ साली तिने पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून हिंडून त्यांचे कोरीव कुलस्तंभ रंगविले. पुढच्या वर्षी सुमारे २०० चित्रे व्हँकुव्हरला मांडली; परंतु सरकारी संग्रहालयाने ती घेतली नाहीत. मग भाडेकरू ठेवून, कुत्री विकून, मातीची भांडी घडवून तिने पोट भरले. सुमारे पंधरा वर्षे कुंचला क्वचितच हाती आला.

१९२७ साली ओटावाच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली आणि लॉरेन हॅरिस या चित्रकाराशी गाठ पडली. हॅरिस थिऑसफीचा अनुयायी. स्तंभ सोडून आता रानाकडेच वळ, असे त्याने सुचविले. सल्ला तिने मानला. थिऑसफीत मात्र तिचे मन फार काळ रमले नाही. देव तिला घरच्या ख्रिस्ती संस्कारांतला हवा होता, पण तो तिला भेटे रानात.

१९३३ साली तिने एक जुनी फिरती गाडी घेऊन तिचे नाव 'हत्ती' ठेवले. कुत्री आणि वू नावाची माकडीण घेऊन ती रानाकडेला मुक्काम करी, पेट्रोलने पातळ केलेले तैलरंग स्वस्त कागदावर भराभर ओढी.

पण करवत तिच्या आधीच तेथे पोचली होती. झाड कोसळताना न कापलेला भाग फाटून बुंध्यावर जे सुळके उरतात, त्यांना ती किंकाळ्यांचे नाव देई. तेही तिने रंगविले. १९३५ सालच्या तिच्या एका चित्राच्या नावाचा अर्थ 'लाकूड म्हणून हिणवलेले, आभाळाचे लाडके' असा आहे. उजाड जागेत एकच सडपातळ उंच झाड, शेंड्याला मूठभर पाने, आणि त्याच्याभोवती वलये घेत उजळलेले आभाळ.

लाकूडतोड्यांनी टाकून दिलेल्या झाडात या उपेक्षित बाईने स्वतःला पाहिले असेल, असे मानायला जागा आहे. तरी वरच्या उजेडाने सुखावलेल्या रसिकाने खालची जमीनही पाहावी. शेजारची झाडे उभी असती, तर त्या झाडाला एवढे आभाळ लाभले नसते.