साखळीजंतूंचें कुलशोधन

देवी किंवा गोवर एकदां येऊन गेला कीं तो रोग त्या माणसास बहुधा पुन्हां होत नाहीं, हा अनुभव घरांतील वडीलधाऱ्या बायकांना शास्त्रज्ञांच्या आधींपासून होता. परंतु घसा सुजून तापानें फणफणणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. तें यंदा बरें होतें आणि पुढच्या वर्षीं त्याच दुखण्यानें पुन्हां अंथरूण धरतें. आणि अशा घसादुखीच्या मागोमाग कित्येकदां सांधे सुजतात व हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होतात. ज्या शत्रूशीं शरीर एकदां लढलें, त्यास तें दुसऱ्या वेळीं ओळखीत कां नाहीं? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत एका विदुषीचें जवळजवळ सारें आयुष्य खर्चीं पडलें.

हा शत्रु म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखालीं हे वाटोळे जंतु माळेंतील मण्यांप्रमाणें एकापुढें एक ओवलेले दिसतात. बिलरोथ या शस्त्रवैद्यानें १८७४ मध्यें त्यांना हें ग्रीक नांव दिलें व १८७९ मध्यें पाश्चरनें सूतिकाज्वराशीं त्यांचा संबंध दाखविला. परंतु तशाच माळा दुधांत, चीजमध्यें, गाईच्या कासेंत आणि धडधाकट माणसाच्या घशांतहि सांपडत. रूप एकच, मग घातकी कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हें ठरवावें कसें?

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंतील लष्करी छावण्यांत गोवराची सांथ आली आणि तिच्या पाठोपाठ याच जंतूंनीं सैनिकांना फुप्फुसदाहानें गांठलें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत डोशे आणि एव्हरी यांनीं त्याचा तपास हातीं घेतला. त्यांच्या हाताखालीं १९१८ मध्यें रेबेका लान्सफील्ड ही तेवीस वर्षांची तरुणी मदतनीस म्हणून आली. तिघांनीं १२५ नमुने तपासून १९१९ मध्यें असें दाखविलें कीं, दिसण्यांत सारखे असले तरी हे जंतु एकजिनसी नाहींत. त्यांचे निदान चार प्रकार वेगळे काढतां येतात.

पुढें १९२२ पासून लान्सफील्डबाईंनीं त्याच संस्थेंत होमर स्विफ्ट यांच्याबरोबर हें काम चालविलें. त्यांची रीत साधी होती. जंतु सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत उकळावयाचे, वरचें निवळ पाणी घ्यावयाचें आणि ज्या सशास तो जंतु पूर्वीं टोचलेला असेल त्याचा रक्तरस त्यांत मिळवावयाचा. ओळख पटली तर पाणी गढूळ होऊन साका बसतो. न पटली तर तें निवळच राहतें. या रीतीनें १९२८ पर्यंत दोन निरनिराळे पदार्थ हातीं आले. एक कर्बोदक, तें जंतूचें कुल सांगणारें; दुसरें ‘एम’ नांवाचें प्रथिन, तें कुलांतील पोटशाखा सांगणारें. न्यूमोनियाच्या जंतूची पोटशाखा त्याच्या कवचांतील शर्करेवरून ठरते, हें एव्हरींनीं दाखविलेलें होतें. येथें तें काम प्रथिन करतें, हें अनपेक्षित होतें.

१९३३ मध्यें त्यांनीं कुलांची मांडणी प्रसिद्ध केली: माणसास पीडणारें ‘ए’, गाईगुरांचें ‘बी’, इतर प्राण्यांचें ‘सी’, चीजमधील ‘डी’, दुधांतील ‘ई’. १९३५ मध्यें रोनाल्ड हेअर यांच्यासह त्यांनीं बाळंतिणींचे जंतु तपासले. सूतिकाज्वरानें ग्रासलेल्या स्त्रियांत ‘ए’ कुल आढळलें, तर निरोगी बाळंतिणींतील जंतु बहुतेक अन्य कुलांतील निघाले. वैद्यांचे हात धुण्याविषयीं सेमेलवाइस १८४७ मध्यें जें कळवळून सांगत होता, त्यास या साक्यानें एक नवा पुरावा दिला.

लंडनमध्यें फ्रेडरिक ग्रिफिथ निराळ्या पद्धतीनें याच पोटशाखा मोजीत होते. दोघांच्या याद्या सर्वस्वीं जुळत नसत. कारण ग्रिफिथ यांच्या परीक्षेंत ‘टी’ नांवाचा दुसराच पदार्थ बोलत असे. १९४१ मध्यें लंडनवरील बाँबहल्ल्यांत ग्रिफिथ मरण पावले. पण दोन्ही पद्धती पुढें एकमेकींस पूरक म्हणून वापरांत राहिल्या.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. ‘एम’ प्रथिन जंतूच्या अंगावर केसांप्रमाणें उभें असतें आणि आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींना जंतु गिळूं देत नाहीं. शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करतें व तें वर्षानुवर्षें टिकतें, हेंहि लान्सफील्डबाईंनींच दाखविलें. पण तें प्रतिद्रव्य त्या एकाच पोटशाखेला आवरतें. प्रथिनाचें टोंक बदललें कीं जंतु परका होतो. आणि अशा पोटशाखा आज दोनशेंहून अधिक ज्ञात आहेत. म्हणजे शरीर विसराळू नाहीं. दाराशीं येणारा पाहुणाच दर वेळीं निराळा असतो.

लान्सफील्डबाई १९८१ मध्यें वारल्या. आतां पोटशाखा साक्याऐवजीं जनुकाच्या वाचनानें ठरविली जाते. परंतु सर्व पोटशाखांस पुरी पडणारी लस अद्याप वापरांत आलेली नाहीं. पेनिसिलिन या जंतूवर अजून खात्रीनें चालतें. म्हणून मुलाचा घसा पुन्हां सुजला तर ‘हें त्याचें नेहमींचेंच’ म्हणून स्वस्थ बसूं नये, वैद्यास दाखवावें. आपल्या देशांत त्या दिरंगाईची किंमत अजूनहि कित्येक कोंवळीं हृदयें भरीत आहेत.