प्रकाशीय तंतूतील गोंगाट : अरेषीय परिणाम

लेसर प्रकाशाच्या तीव्रतेत किंवा कलेत होणाऱ्या यादृच्छिक चढउतारांना गोंगाट म्हणतात. काचेच्या तंतूतला प्रकाश मंद असेल, तर गोंगाट संकेतात नुसता मिसळतो. प्रकाश तीव्र असला, की काचेचा अपवर्तनांक त्या तीव्रतेनुसार बदलतो. याला केर परिणाम म्हणतात. अशा वेळी गोंगाट संकेताची चालच बदलून टाकतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सॉलिटॉन. अपस्करणामुळे प्रकाशाचा स्पंद पसरू पाहतो, केर परिणाम त्याला आवरतो. दोहोंचा तोल जमला, की स्पंदाचा आकार टिकतो. अकिरा हासेगावा व फ्रेडरिक टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये हे गणिताने मांडले. १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेतील लिन मोलेनॉर, रॉजर स्टोलन आणि जेम्स गॉर्डन यांनी ते प्रयोगाने दाखवले.

लांब पल्ल्याच्या केबलमध्ये क्षीण झालेला प्रकाश वाढवण्यासाठी ठरावीक अंतरावर विवर्धक बसवतात. प्रत्येक विवर्धक उत्स्फूर्त उत्सर्जनाचा गोंगाटही मिसळतो. त्याने सॉलिटॉनची वारंवारता किंचित सरकते, वेग बदलतो आणि स्पंद थोडा आधी किंवा उशिरा पोहोचतो. हा गॉर्डन-हाउस परिणाम १९८६ मध्ये मांडला गेला. आगमनवेळेचे विचरण अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले, की विचरण आठपट! भरकटलेला स्पंद शेजारच्या वेळखान्यात शिरला, की संदेश चुकीचा वाचला जातो. वाटेत प्रकाशीय गाळण्या बसवून हे भरकटणे आवरता येते.

गोंगाटाचा याहून नाट्यमय आविष्कार २००७ मध्ये दिसला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत डॅनियल सोली, बहराम जलाली व सहकाऱ्यांनी तंतूतून रुंद वर्णपट निर्माण करणारे स्पंद एकेक करून तपासले. त्यासाठी प्रत्येक स्पंदाचा वर्णपट काळात ताणून नोंदवला. बहुतेक स्पंदांत लांब तरंगलांबीचा भाग फिका होता. मोजक्या स्पंदांत मात्र तो कमालीचा तेजस्वी निघाला. महासागरातील राक्षसी लाटांवरून त्यांना प्रकाशीय राक्षसी लाटा हे नाव मिळाले. सुरुवातीचा बारीकसा गोंगाट मॉड्युलेशन अस्थिरतेने (केर परिणामामुळे लहान चढउतार झपाट्याने वाढत जाण्याने) फुगतो, हे या लाटांचे मूळ. पुढच्याच वर्षी याच गटाने मुद्दाम दुर्बळ बीजप्रकाश सोडून वर्णपट स्थिर करून दाखवला.

लेसरचा तांत्रिक गोंगाट कमी करता येतो, प्रकाशाच्या पुंजस्वरूपातून येणारा पुंजगोंगाट मात्र उरतोच. म्हणून संगणकीय प्रारूपांत वर्णपटाच्या प्रत्येक कप्प्यात यादृच्छिक कलेचा एक फोटॉन धरून गणित सुरू करण्याची पद्धत रूढ आहे.