खाकी गणवेश आणि फुटबॉल : बीदरच्या बाजूने एक नोंद

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, "सर, आपल्या भागात पोलीस आणि पोरं कधी एका मैदानावर आली होती का?" कर्नाटक पोलीस शाळकरी मुलांना ठाणं दाखवतात, त्या 'तेरेद मने' म्हणजे 'उघडं घर' उपक्रमावरून विषय निघाला होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून ही नोंद.

आधी पार्श्वभूमी. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत. "अमीनसाहेब आले" एवढं ऐकलं की गल्ली रिकामी व्हायची, असं माझे आजोबा सांगत. ठाण्यावरून जाताना चपला हातात घेणारी ती पिढी. मग आलं १९४८. मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांनी हत्याकांड केलं. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड यांच्याबरोबर बीदर होतं. काही ठिकाणी सैन्यातले आणि स्थानिक पोलिसांतले लोकही लुटीत सामील होते, असं समितीने नोंदवलं. म्हणजे खाकीवर विश्वास ठेवावा असं कुणाकडेच फारसं कारण उरलं नव्हतं.

आणि याच राज्यात, दोनच वर्षांनी, पोलिसांच्या एका संघाने देश जिंकला. हैदराबाद सिटी पोलीस! मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स चषक त्यांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. १९५० मध्ये मोहन बागानला हरवून ड्युरँड चषकही नेला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. पोरांना कमकुवत पायानेही खेळता यावं म्हणून ते फक्त त्याच पायाने चेंडू मारायच्या स्पर्धा भरवत. या संघातले नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. तिथे भारत चौथा आला, प्रशिक्षक रहीमच होते.

मी पेशाने अभियंता. भार कुठून कुठे जातो हे बघायची सवय आहे. या संघाने काय पेललं? गल्लीतल्या पोराला पोलिसात नोकरी मिळाली, मान मिळाला. 'पोलीस' हा शब्द ऐकून टाळ्या वाजवता येतात हे लोकांना दिसलं. ही लहान गोष्ट नव्हे. पण तो विश्वास वाढवायचा उपक्रम नव्हता, तो जिंकायला उतरलेला संघ होता. मैदान शहरात होतं. गोरट्याच्या किंवा औरादच्या पोराला ठाण्यात कसं वागवतात, यावर रोव्हर्स चषकाचा काही परिणाम होण्याचं कारण नव्हतं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर म्हैसूर राज्यात गेलं, हैदराबाद आंध्रात. संघही परराज्याचा झाला.

ठरवून केलेले प्रयोग बाहेर सापडतात. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९१४ पासून गरीब वस्त्यांतले रस्ते वाहनांना बंद करून मुलांना खेळायला मोकळे केले. इंग्लंडात नॉर्विचच्या पोलीसप्रमुखांनी १९१८ मध्ये मुलांसाठी क्लब काढला.

आपल्याला जवळचं उदाहरण मात्र भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं हे गाव. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे १९८८ च्या सुमारास मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि साधा हवालदार नेमाने एकत्र बसू लागले. नळ-गटारापासून भांडणांपर्यंत सगळं तिथेच निघे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या झाल्या, आणि त्यांनी वस्तीतली पोरं व पोलीस यांचे क्रिकेटचे सामने भरवले.

इथला क्रम बघा. मुंबईत सामना आला तो कमिटीच्या पाठोपाठ. चेंडूमुळे तोंडओळख होते. पण रविवारी ज्या हवालदाराला आऊट केलं, तोच सोमवारी तक्रार घेताना आडनाव बघून बसायला सांगणार असेल, तर सामना वाया गेला. मोडलेला विश्वास फिर्याद नीट लिहून घेतल्यानेच सांधतो. खेळाचा उपयोग एवढाच की फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढायची हिंमत पोराला येते.

तर त्या सभासदाला माझं उत्तर असं : आली होती, पण आपल्या बीदरात नव्हे, आपल्या जुन्या राजधानीत; आणि तीही चषकासाठी. आपल्याकडे पोलीस कवायतीचं मैदान आहे, नेहरू स्टेडियम आहे, पोरं तर भरपूर आहेत. रहीमसाहेबांची कमकुवत पायाची स्पर्धा इथे भरवायला हरकत नाही. पोलिसांचा जोरकस पाय आपल्या आजोबांनी पुरेसा पाहिलाय.